प्रशिक्षण झालं, पण वर्गात काय बदललं?

पेट पास झालेल्या तिघाचौघांनी गेल्या काही महिन्यांत आपापले विषय मला वाचायला पाठवले. त्यातल्या दोघांचं शीर्षक जवळजवळ एकच होतं: 'अमुक जिल्ह्यातील इतिहास शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. विषय वाईट नाही. माझाही त्याच्या शेजारचाच आहे, नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळांमधला. पण 'परिणामकारकता' हा शब्द सिनॉप्सिसमध्ये टाकायला सोपा असतो, मोजायला बसलं की घाम फुटतो. म्हणून हा लेख.

आधी माझी फजिती सांगते. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, 'प्रशिक्षण उपयुक्त वाटलं का?' खाली पाच पर्याय. जवळजवळ सगळ्यांनी वरच्या दोन पर्यायांवर खूण केली. मी खूश. एक ज्येष्ठ सर फॉर्म परत देताना म्हणाले, "मॅडम, इथं 'नाही' कोण लिहिणार? हजेरीपटाच्या शेजारीच फॉर्म ठेवलाय की तुम्ही." मी जे मोजत होते ते प्रशिक्षण नव्हतंच, तो शिक्षकांचा सभ्यपणा होता.

थॉमस गस्की या अभ्यासकाने २००० साली शिक्षक-प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे पाच स्तर मांडले. सहभागींना ते कसं वाटलं, ते काय शिकले, शाळेने त्यांना साथ दिली का, शिकलेलं त्यांनी वर्गात वापरलं का, आणि शेवटी मुलांच्या शिकण्यात फरक पडला का. आपल्याकडचे बहुतेक प्रबंध पहिल्या स्तरावर सुरू होऊन तिथेच संपतात, आणि निष्कर्षात मात्र पाचव्या स्तराची भाषा बोलतात. व्हायव्हाला नेमका हाच सांधा पकडला जातो. तिसऱ्या स्तराकडे तर कुणी बघतच नाही. तालुक्याला प्रशिक्षण घेऊन आलेली शिक्षिका द्विशिक्षकी शाळेत परतते, दुसरे शिक्षक बैठकीला गेलेले असतात, दोन-तीन वर्ग एकटीच्या अंगावर. तिने 'वापरलं नाही' यात दोष प्रशिक्षणाचा, तिचा, की व्यवस्थेचा? तुमच्या साधनाला हे वेगळं करता आलं पाहिजे.

गस्कीचंच १९८६ चं एक म्हणणं मला जास्त कामाचं वाटतं. आपण धरून चालतो की प्रशिक्षणाने शिक्षकाचा दृष्टिकोन बदलतो, मग अध्यापन बदलतं, मग मुलं. तो म्हणतो, क्रम उलटा आहे. शिक्षक आधी काहीतरी करून बघतो, मुलांमध्ये फरक दिसतो, आणि मगच त्याची धारणा बदलते. हे खरं असेल तर प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी घेतलेली 'दृष्टिकोन मापनश्रेणी' फार लवकर घेतलेली असते. तीच श्रेणी दोन सत्रांनंतर द्या.

पैसा ओतला की हा प्रश्न सुटतो असंही नाही. अमेरिकेत २००१ साली सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने शाळांमधल्या अमेरिकन इतिहासाच्या शिक्षकांसाठी खास अनुदान योजना सुरू झाली. विद्यापीठं, संग्रहालयं आणि शाळा यांना जोडून उन्हाळी शिबिरं, मूळ कागदपत्रांचं वाचन असं बरंच काही झालं. सुमारे दशकभरात जवळपास शंभर कोटी डॉलर खर्च झाले. २०११ च्या मूल्यमापनातून काय निघालं? शिक्षक समाधानी होते, पण मुलांच्या इतिहासाच्या आकलनावर परिणाम झाला की नाही हे ठामपणे सांगता येईना. कारण बहुतेक प्रकल्पांच्या मूल्यमापनाचे आराखडेच कच्चे होते. पुढे निधीही थांबला. इतक्या मोठ्या कामाची फाईल 'पुरावा अपुरा' या शेऱ्यावर बंद व्हावी, हे वाचून मला माझा प्रश्नावलीचा गठ्ठा आठवला.

आता आपल्याकडे. राज्यातली मोठी प्रशिक्षणं उतरंडीने चालतात: पुण्याला राज्यस्तर, मग डाएटमार्फत जिल्हा, मग तालुका. केंद्राच्या पातळीवर शिक्षण परिषद असते ती वेगळी. दर पायरीवर वेळ कमी होतो आणि आशय गाळला जातो. नेमकं काय गळतं हेही बघण्यासारखं आहे. स्लाइड्स पोचतात, चर्चा पोचत नाही. २०१९ मध्ये 'निष्ठा' सुरू झालं, कोविडमध्ये ते 'दीक्षा' पोर्टलवर गेलं. २०२० च्या धोरणाने शिक्षकांना वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. तास मोजणं सोपं असतं, म्हणून तास मोजले जातात. धडगाव तालुक्यातल्या ज्या पाड्यांवर फोनची रेंज शोधायला टेकडी चढावी लागते, तिथल्या शिक्षकाचा व्हिडिओ 'पूर्ण' झाला म्हणजे काय झालं, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कुणी घेत असेल तर जरूर घ्या.

या सगळ्यात इतिहास या विषयाचं म्हणून काय वेगळं? इथे ली शुलमन मदतीला येतो. विषय माहीत असणं वेगळं आणि तो विषय मुलांना कसा शिकवायचा, त्यांची गाडी कुठे अडते हे माहीत असणं वेगळं, हा मुद्दा त्याने १९८६ मध्ये मांडला. इतिहासापुरतं हे सॅम वाइनबर्गने दाखवलं. १९९१ च्या अभ्यासात त्याने इतिहासकारांना आणि शाळकरी मुलांना लेक्सिंग्टनच्या चकमकीची कागदपत्रं वाचायला दिली. इतिहासकार मजकुराआधी खाली बघत: कोणी लिहिलंय, केव्हा, कशासाठी? त्यातल्या काहींचा अमेरिकन इतिहास हा विषयही नव्हता, तरी सवय तीच. मुलं मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ वाचत गेली, पाठ्यपुस्तक वाचावं तशी.

नंदुरबारमध्ये ही सवय शिकवायला सामग्रीची कमतरता नाही. जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्याआधी हा सगळा भाग पश्चिम खानदेश. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबार शहरात निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता, आठवी-नववीच्या मुलांच्या वयाचा. ही गोष्ट इथल्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते, आणि सांगायलाच हवी. पण मिरवणुकीतल्या घोषणा गुजराती होत्या हे कळल्यावर एखादी मुलगी विचारेल, "मॅडम, गुजरातीत का?" आता इथे शिक्षिकेला वाट फुटते. शहरातली गुजराती घरं, व्यापार, १९६० पूर्वीचं मुंबई राज्य, नवापूरचं अर्धं महाराष्ट्रात नि अर्धं गुजरातेत असलेलं रेल्वे स्टेशन. नाहीतर ती म्हणेल, "ते परीक्षेला नाही." प्रशिक्षणाने काय साधलं ते या दोन उत्तरांमधल्या फरकात दिसतं.

खाज्या नाईकाचं उदाहरण याहून अवघड आहे. सेंधव्याच्या घाटात रखवालीवर असलेला हा भिल्ल नाईक १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, सरकारी खजिना लुटला, १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली. कागदपत्रांत तो कजारसिंग म्हणूनही भेटतो. इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदीत तो लुटारू, सातपुड्यातल्या लोकांच्या आठवणीत वीर. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. म्हणजे वर्गातल्या बहुतेक मुलांसाठी 'ही नोंद कोणी केली?' हा प्रश्न आपल्या घरातल्या माणसांना कागदावर काय म्हटलं गेलं, याचा आहे. आणि तो विचारायचा तर शिक्षकाला आधी स्वतः जुनी नोंद हातात धरून वाचायची सवय लागते. ती एका दिवसाच्या सत्रात लागत नाही, माझं तरी तसंच मत झालंय. मुलांची घरची भाषा पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी. आजोबांकडून ऐकलेली गोष्ट त्या भाषेत आहे आणि उत्तरपत्रिका प्रमाण मराठीत. तुमचं निरीक्षण-साधन फक्त मराठी उत्तरं मोजत असेल तर निम्मा वर्ग तुमच्या नोंदीत 'निष्क्रिय' दिसेल.

अभ्यासक्रम मात्र एका अर्थी पुढे गेलेला आहे. २०१८ च्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरेपासून होते. व्हॉल्टेअर, रांके, फुको ही नावं पहिल्याच पाठात. पुढे उपयोजित इतिहास, वारसा व्यवस्थापन. मला हे पुस्तक आवडतं. पण भाषा विषयात पदवी घेतलेल्या आणि इतिहास वाट्याला आलेल्या शिक्षकाने रांके शिकवायचा कसा? बहुतेक ठिकाणी तो 'योग्य पर्याय निवडा'मध्ये जातो. साधनांची चिकित्सा करायला शिकवणारा पाठ पाठांतराने संपतो, आणि यात शिक्षकाला एकट्याला दोषी धरणारा प्रबंध लिहू नका.

मग मोजायचं कसं? मी प्रश्नावली टाकली नाही, तिची जागा बदलली: नाव नाही, प्रशिक्षणस्थळी नाही, दोन-तीन महिन्यांनी. वर्गनिरीक्षणात मी आता शिक्षकाने 'का' आणि 'कशावरून' असे प्रश्न किती विचारले आणि उत्तरासाठी किती थांबले, एवढंच नोंदवते. वीस रकाने असलेला तक्ता भरता भरता वर्ग बघायचाच राहतो. नियंत्रित गट करण्याच्या फंदात लहान तालुक्यात पडू नका, शिक्षक एकमेकांना ओळखतात, व्हॉट्सॲपवर साहित्य संध्याकाळपर्यंत दोन्ही गटांत पोचलेलं असतं. त्यापेक्षा त्याच शिक्षकाचा आधीचा आणि नंतरचा पुरावा बघा. त्यासाठी सगळ्यात स्वस्त कागद म्हणजे घटक चाचणीच्या जुन्या प्रश्नपत्रिका. शिक्षकाने त्या तुमच्यासाठी काढलेल्या नसतात, म्हणून त्यात सभ्यपणा नसतो.

सध्या माझ्या टेबलावर त्यांचाच गठ्ठा आहे. 'केव्हा', 'कोठे', 'कारणे द्या', 'टीप लिहा' असे ढीग पडताहेत. 'कशावरून' हा ढीग अजून फार छोटा आहे, पण त्यातल्या एका प्रश्नपत्रिकेत मुलांना गावातल्या म्हाताऱ्या माणसाला भेटून एकच घटना दोघांकडून ऐकून यायला सांगितलंय, पाच गुणांना. त्या बाईंची भेट पुढच्या आठवड्यात आहे.