आधी तेल, मग ठिणगी

बंद पडलेली मोटरसायकल सुरू करायची म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात: प्लगला करंट येतोय का, आणि कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचतंय का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं की किक मारायची. आठवड्यापूर्वी रुसलेल्या गाडीला हा हिशेब चालतो. पंचवीस-तीस वर्षं एखाद्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या ब्रिटिश गाडीला तो महागात पडतो. करंट किंवा पेट्रोल नसेल तर इंजिन सुरू होणार नाही, एवढंच. त्यात नुकसान काही नाही. पण ती दोन्ही आहेत आणि तेल मात्र जिथे पोचायला हवं तिथे पोचत नाही, अशी अवस्था असेल तर इंजिन झकास सुरू होईल आणि आतल्या आत स्वतःला खाऊन टाकेल. म्हणून अशा गाडीच्या कामाची सुरुवात तेलाच्या वाटेपासून करावी, आणि काही इंजिनं तर पूर्ण उघडल्याशिवाय किकवर पायच ठेवू नये, असं माझं म्हणणं आहे. हौशी मंडळींना ते फारसं रुचत नाही.

ट्रायम्फ बॉनव्हिलचंच उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्रीवर बॉम्ब पडले, त्यात ट्रायम्फचा कारखाना गेला, आणि 1942 पासून शेजारच्या मेरिडन गावात नवा उभा राहिला. तिथेच 1959 च्या मोसमासाठी 649 सीसीची ही जुळ्या सिलिंडरची गाडी आली. इंजिनाचा आराखडा मुळात एडवर्ड टर्नर यांनी 1937 च्या स्पीड ट्विनसाठी मांडलेला. दिसायला देखणं, वजनाला हलकं असं हे इंजिन. पण त्यात आजच्यासारखा बदलता येणारा ऑइल फिल्टर नव्हता. होत्या त्या फक्त जाळ्या, खडा-कचरा अडवणाऱ्या. बारीक गाळ अडवायची सोय क्रँकशाफ्टच्या पोटातच केलेली होती. तिथे एक नळी बसवलेली असते, तिला स्लज ट्रॅप म्हणतात. तेल आधी या नळीत येतं, क्रँक गरगर फिरत असल्याने तेलातले जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जाऊन नळीच्या भिंतीला चिकटतात आणि उरलेलं स्वच्छ तेल कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकांच्या बेअरिंगकडे जातं. ही बेअरिंगं साधी, म्हणजे रोलर नसलेली. धातूवर धातू फिरतो आणि मध्ये असतो तो तेलाचा पातळ पापुद्रा. तो तुटला की रॉड गेला.

युक्ती हुशारीची होती, पण तिच्यामागे एक गृहीत होतं: काही हजार मैलांनी कोणीतरी इंजिन उघडेल आणि नळी साफ करेल. बऱ्याच गाड्यांच्या नशिबी हे कधी आलंच नाही. नळी भरत जाते, गाडी पळत राहते, मग एक दिवस उभी राहते आणि वर्षानुवर्षं तशीच उभी असते. गाळ सुकून घट्ट बसतो. इकडे टाकीतलं तेल पंपातल्या बॉल व्हॉल्व्हमधून थेंबथेंब पाझरत क्रँककेसमध्ये उतरतं. मालक झाकण उघडतो, टाकी रिकामी दिसते, म्हणून वरून नवं तेल ओततो आणि खालचं आधीच भरलेलं असतं. थांबलेल्या इंजिनाचा एखादा व्हॉल्व्ह बहुधा उघडा राहतो, त्यातून दमट हवा सिलिंडरमध्ये शिरून रिंगांपाशी गंज धरते. अशा इंजिनावर जोरात किक मारणं म्हणजे गंजावर रिंगा ओढणं, आणि खाली साचलेल्या तेलाने सील उडवणं.

यावर नेहमीचं उत्तर असतं: ‘उभी केली तेव्हा मस्त चालत होती की!’ चालतच असेल. भरत आलेल्या नळीनेही गाडी चालते, पूर्ण बुजेपर्यंत तक्रार येत नाही. जरा जाणकार माणूस म्हणतो, सावकाश सुरू करा, प्रेशर गेज लावा, तेल परत येतंय का पाहा, काही बिघडलं असेल तर कळेलच. हा आक्षेप वजनदार आहे, पण या इंजिनाच्या रचनेपुढे तो टिकत नाही. गेज जोडलं जातं ते टायमिंग कव्हरपाशी, म्हणजे तेल क्रँकमध्ये शिरण्याच्या आधी. पुढची वाट बुजलेली असली तरी काटा छान वर राहतो. किंबहुना वाट तुंबल्यामुळेच तो जास्त वर जाऊ शकतो. टाकीच्या तोंडाशी दिसणारी परतीच्या तेलाची धारही एवढंच सांगते की खालचं तेल वर खेचणारा पंप काम करतोय. दोन्ही बेअरिंगांना तेल मिळालं का, हे त्या धारेला ठाऊक नसतं. त्या नळीची साक्ष काढायची तर ती उघडूनच पाहावी लागते.

उघडणं सोपं नाही, हे मान्य. क्रँककेसचे दोन भाग वेगळे करून क्रँक बाहेर काढायचा. फ्लायव्हीलचा एक बोल्ट नळीतच घुसलेला असतो, तो आधी सोडवायचा. नळीच्या तोंडाचा आट्यांचा प्लग कारखान्यात पंच ठोकून जखडलेला असतो. ती खूण ड्रिलने काढून, क्रँक गरम करून, खाचेत घट्ट बसणारा जाड पेचकस लावला तर तो हलतो. नळी ओढून काढल्यावर आतला काळपट गाळ कधी कधी इतका कडक निघतो की खरवडावा लागतो. त्यात पान्यांचा घोळ वेगळा. साठीच्या दशकातल्या या गाड्यांच्या नटांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात. आपला मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे झिजवून मोकळा होतो.

दुसरा आक्षेप मूळपणाचा. कारखान्याने बांधलेलं इंजिन कशाला खोलायचं, जुनेपणातच तिची किंमत आहे, असं संग्राहक म्हणतात. रंग, सीट, क्रोमवरचे डाग यांच्याबाबत मी त्यांच्याच बाजूने आहे. चकचकीत करून पन्नास वर्षं पुसून टाकायची हौस मला कळत नाही. पण इंजिन नंबर कोरलेला असतो तो क्रँककेसच्या डाव्या भागावर, आणि दोन्ही भाग कारखान्यात जोडीने कातलेले असतात. तेलाविना अडकलेला रॉड तुटून बाहेर आला तर भोक पडतं ते नेमकं याच जोडीला. एक भाग दुसरीकडून आणून लावता येतो, पण तो नीट बसेलच असं नाही, आणि नंबर तर गेलाच. ज्या मूळपणासाठी इंजिन उघडलं नाही, तोच असा हातचा जातो. बेअरिंगचे शेल, गॅस्केट, खुद्द ती नळी हे सगळं आजही नवं बनतं. मूळ नंबरचा क्रँककेस मात्र पुन्हा मिळत नाही.

हा नियम सगळ्या ब्रिटिश गाड्यांना सरसकट लावणं मात्र चुकीचं होईल. महायुद्धात ब्रिटिश सैन्याने वापरलेली बीएसए एम 20 ही एका सिलिंडरची, साइड व्हॉल्व्ह गाडी. तिच्या रॉडला रोलर बेअरिंग असतं आणि त्याला थोडक्या तेलावर भागवता येतं. तिथे साचलेलं तेल काढणं, जाळी आणि पंप धुणं एवढ्यावर पुष्कळदा निभावतं. आपल्याकडची जुनी बुलेट या दोघींच्या मधली: सिलिंडर एक, पण मोठ्या टोकाला तरंगता बुश, म्हणून तेलाच्या बाबतीत ती ट्रायम्फइतकी नाही तरी बरीच हळवी.

बाकीची कामं कंटाळवाणी असली तरी सरळ आहेत. टायर वरून चांगले दिसले तरी बदलायचे. क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या असतात, त्या सोडवायच्या. कार्ब्युरेटरचे जेट उकलून, फुंकून घ्यायचे. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या फेकून द्यायच्या, कारण भारतात आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ब्रिटनमध्येही सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल 10 टक्क्यांचं झालंय, आणि इथेनॉल ओलावा ओढतं, जुनं रबर फुगवतं. त्यात ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपुढच्या, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे ब्रेक धरतो की नाही हे पाहणारा माणूस मालकच.

इंजिन बांधून झाल्यावरही प्लग लगेच लावायचे नाहीत. वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवायचं, मग प्लगविना सावकाश किका मारत राहायच्या. टाकीच्या तोंडात बॅटरी धरून पाहिलं की आधी नुसते बुडबुडे दिसतात, मग अडखळत, हवा मिसळलेली तेलाची धार पडायला लागते. नळी साफ झालेली असली की या धारेचा अर्थ पुरा लागतो, आणि मग प्लग बसवायला हरकत नाही. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर ते तेल गरम असतानाच फडक्यातून गाळून काढावं. फडक्यावर चकचकीत कण दिसले तर इंजिन पुन्हा खोलायचं.