फ्लूतून सावरताना: लशीची धास्ती आणि जोखमीचा हिशेब

इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसाच्या शरीरात फार दिवस टिकत नाही, पण त्याने केलेली पडझड बराच काळ टिकते, आणि फ्लूतून बरे होणे म्हणजे नेमके काय हे समजून घ्यायचे तर या दोन काळांतील तफावत आधी लक्षात घ्यावी लागते. संसर्ग झाल्यापासून १ ते ४ दिवसांत लक्षणे दिसू लागतात, आणि एरवी निरोगी असलेल्या प्रौढाच्या श्वसनमार्गातून विषाणू बाहेर पडणे हे आजार सुरू झाल्यावर ५ ते ७ दिवसांत बहुधा थांबते. तापही साधारण ३-४ दिवसांत उतरतो. त्यानंतर मात्र कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे दोन आठवडे, वयस्कर माणसांत त्याहूनही अधिक काळ रेंगाळतात, आणि ताप गेला म्हणजे आजार संपला असे मानणाऱ्या रुग्णाला हा काळ विनाकारण घाबरवतो.

या रेंगाळण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे की, हा विषाणू सहसा नाक, घसा आणि श्वासनलिका यांच्या अस्तरापलीकडे जात नाही. अंगदुखी, थंडी, ताप, भूक मरणे ही सर्वांगाला जाणवणारी लक्षणे निर्माण होतात ती मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींनी रक्तात सोडलेल्या इंटरफेरॉन आणि सायटोकाइन या प्रथिनांमुळे. ही प्रथिने म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवलेले रासायनिक संदेश असून त्यांचा परिणाम मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रापासून स्नायूंपर्यंत सर्वत्र होतो, आणि विषाणू नाहीसा झाल्यावरही हा क्षोभ लगेच शमत नाही. दुसरे कारण अधिक स्थूल आहे. श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात, ते कफ आणि धूळ वर ढकलतात. फ्लूमध्ये हे अस्तर ठिकठिकाणी सोलवटून निघते आणि ते पुन्हा पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. तोवर थंड हवा, धूर किंवा उदबत्तीचा वासही खोकल्याची उबळ आणण्यास पुरेसा असतो.

अस्तर उघडे पडलेल्या याच काळात न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस यांसारखे जिवाणू फुप्फुसात शिरू शकतात. म्हणून उतरलेला ताप दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढणे, छातीत दुखणे, श्वास जलद होणे किंवा रुग्ण गोंधळल्यासारखा वागणे ही साध्या अशक्तपणाची नव्हे तर न्यूमोनियाची चाहूल समजून तत्काळ डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते. एरवी प्रतिजैविकांचा फ्लूवर काहीही उपयोग नसतो, कारण ती जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. फ्लूचा हृदयाशी असलेला संबंध तर सामान्य वाचकाला क्वचितच ठाऊक असतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, प्रयोगशाळेत फ्लूचे निदान झालेल्या व्यक्तींमध्ये निदानानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्यांच्या एरवीच्या काळाच्या तुलनेत सुमारे सहापट आढळले. ‘साधा फ्लू’ हा शब्दप्रयोग किती बेफिकीर आहे हे या एका आकड्यावरून कळावे.

अशा आजारातून उठलेल्या माणसाला पुढच्या हंगामासाठी लस घेण्याचा सल्ला मिळतो तेव्हा त्याच्या मनात येणारी शंका समजण्यासारखी असते: आत्ताच शरीराने एवढे सोसले, त्यात लशीने पुन्हा ताप आणला तर, किंवा त्याहून गंभीर काही झाले तर काय करायचे? ही शंका अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणे अयोग्य आहे. तिच्यात दोन निरनिराळे प्रश्न मिसळलेले आहेत आणि त्यांची उत्तरेही निरनिराळी आहेत.

पहिला प्रश्न ताप, कणकण आणि अंगदुखीचा. टोचून दिली जाणारी फ्लूची लस कोंबडीच्या अंड्यांत किंवा पेशीसंवर्धनात वाढवलेल्या विषाणूला रसायनांनी निष्क्रिय करून आणि बहुधा त्याचे तुकडे करून तयार केली जाते. तिच्यातील महत्त्वाचा घटक म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन, ज्याच्या आधारे विषाणू मानवी पेशीला चिकटतो. अशा तुकड्यांतून पुन्हा जिवंत विषाणू उभा राहणे शक्य नसल्याने या लशीमुळे फ्लू होऊ शकत नाही. मात्र प्रतिकारक पेशी त्या परक्या प्रथिनाला ओळखतात तेव्हा फ्लूमध्ये सुटतात तशीच संदेशवाहक प्रथिने सोडतात, फक्त फार कमी प्रमाणात आणि मुख्यतः टोचलेल्या जागी. दंड दुखणे, तेथे लाली किंवा सूज येणे, क्वचित १-२ दिवस कणकण वाटणे हे त्याचे परिणाम. दंड दुखला नाही म्हणून लस लागू पडली नाही असे मात्र मानू नये.

या त्रासातील लशीचा खरा वाटा किती, हे अमेरिकेतील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत १९९०च्या दशकात झालेल्या एका चाचणीने स्पष्ट केले. १८ ते ६४ वयाच्या ८४९ निरोगी नोकरदारांपैकी काहींना लस आणि काहींना औषध नसलेले, फक्त दिसायला सारखे इंजेक्शन देण्यात आले. कोणाला काय मिळाले हे त्यांना सांगितले नव्हते. दंड दुखल्याची तक्रार लस मिळालेल्यांपैकी ६३.८ टक्के आणि नुसते इंजेक्शन मिळालेल्यांपैकी २४.१ टक्के जणांनी केली, म्हणजे दंडाचे दुखणे खरोखरच लशीचे होते. परंतु ताप, थकवा, अंगदुखी, डोकेदुखी या सर्वांगाच्या तक्रारी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच निघाल्या. आठवडाभरात कोणत्याही जमावातील काही माणसांना डोकेदुखी होतच असते, आणि सुई टोचल्यानंतर स्वतःच्या शरीराकडे बारकाईने पाहणाऱ्या माणसाला एरवी दुर्लक्षिलेली कसरही जाणवते. अपेक्षेतून उद्भवणाऱ्या अशा त्रासाला नोसिबो परिणाम म्हणतात. तो त्रास खोटा किंवा मनाचा खेळ नसतो. रुग्णाला तो खरोखर होत असतो, केवळ त्याचे कारण लशीच्या कुपीत नसते.

लस घेऊनही लगेच फ्लू झाला, ही तक्रार याच्याशी जोडूनच येते. लशीनंतर पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला बांधून निकामी करणारी प्रथिने, तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्या अवधीत आधीच्याच संसर्गाने किंवा सर्दीच्या इतर अनेक विषाणूंपैकी एखाद्याने माणूस आजारी पडू शकतो. महाराष्ट्रात पावसाळ्याच्या तोंडावर लस घेणाऱ्यांच्या बाबतीत हा योगायोग वारंवार घडणे स्वाभाविक आहे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण त्याला इतिहासाचा आधार आहे. १९७६ च्या आरंभी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांतील फ्लूशी साधर्म्य असलेल्या विषाणूने एका तरुण सैनिकाचा बळी घेतला, आणि १९१८ च्या जागतिक साथीची पुनरावृत्ती होईल या भीतीने राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी संपूर्ण देशाच्या लसीकरणाची घोषणा केली. ही भीती निराधार नव्हती. १९१८ च्या साथीत एकट्या भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली होती आणि तेव्हाचा मुंबई इलाखा सर्वाधिक होरपळलेल्या प्रदेशांपैकी एक होता. १ ऑक्टोबर १९७६ रोजी लसीकरण सुरू झाले. पुढच्या काही दिवसांतच पिट्सबर्ग येथे लस घेतलेल्या तीन वृद्धांचा मृत्यू झाल्याने खळबळ उडाली, काही राज्यांनी मोहीम तात्पुरती थांबवली, आणि चौकशीत मात्र त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. त्यानंतर आलेली बातमी वेगळी होती. लस घेतलेल्यांत गिलन-बारे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण अपेक्षेपेक्षा अधिक दिसू लागले, आणि १६ डिसेंबरला मोहीम थांबवण्यात आली. तोवर ४ कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली होती. ज्या साथीसाठी ती दिली, ती साथ आलीच नाही.

जीबीएस हे नाव पुणेकरांना आता समजावून सांगावे लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि अनेक नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला. या आजारात प्रतिकारशक्ती शरीराच्याच चेतातंतूंवर उलटते: एखाद्या जंतूच्या पृष्ठभागावरील रेणू चेतातंतूंच्या आवरणावरील रेणूंसारखे असले, तर जंतूविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे त्या आवरणावरही हल्ला करतात, पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर वर सरकू लागतो आणि काही रुग्णांना कृत्रिम श्वासाची गरज भासते. वेळेवर उपचार मिळालेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात, तरी त्याला काही महिने लागू शकतात. कॅम्पिलोबॅक्टरप्रमाणेच इतरही काही संसर्गांनंतर हा आजार उद्भवतो, आणि इन्फ्लुएंझा हा त्यांपैकी एक आहे.

१९७६ च्या लशीने वाढवलेली जोखीम दर १ लाख लस घेतलेल्यांमागे सुमारे १ अतिरिक्त रुग्ण एवढी होती. ती खरी होती, नाकारण्याजोगी नव्हती, आणि नंतरच्या हंगामी लशींबाबत एवढी वाढ दिसलेली नाही. दिसली तेथे ती दर १० लाखांमागे १ ते २ रुग्ण या पातळीची आहे. हे आकडे वाचताना पार्श्वदर ही संकल्पना ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. पार्श्वदर म्हणजे लस दिलीच नसती तरी त्या लोकसंख्येत त्या काळात जितके रुग्ण आढळले असते ते प्रमाण. जीबीएस दरवर्षी लाखामागे साधारण १ ते २ जणांना होतो. त्या हिशेबाने १ कोटी माणसांना लशीऐवजी नुसते पाणी टोचले तरी पुढच्या सहा आठवड्यांत त्यांच्यापैकी साधारण १२ ते २३ जणांना हा आजार होईल. यांतील प्रत्येक कुटुंबाला सुईनंतरच सारे घडले असे वाटेल आणि त्यांचे तसे वाटणे पूर्णतः प्रामाणिक असेल, म्हणूनच एकेका घटनेवरून कार्यकारणभाव ठरवता येत नाही. नंतर घडलेल्या घटनांची संख्या पार्श्वदरापेक्षा जास्त आहे काय, हेच पाहावे लागते. १९७६ मध्ये ती जास्त निघाली आणि ते मान्य करून मोहीम थांबवली गेली, ही बाब देखरेखीच्या पद्धतीवरचा विश्वास वाढवणारी आहे.

आता तराजूच्या दुसऱ्या पारड्याकडे पाहावे लागेल. ओंटारिओमधील जवळपास दोन दशकांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लशीमुळे जीबीएस होण्याची जोखीम दर १० लाख लसीकरणांमागे १.०३, तर फ्लूसाठी वैद्यकीय सेवा घ्याव्या लागलेल्या दर १० लाख प्रसंगांमागे १७.२ आढळली. हे दोन आकडे शेजारी ठेवून लस सतरापट सुरक्षित आहे असे सरसकट सांगितले जाते, पण ते पूर्णपणे रास्त नाही, कारण लस प्रत्येक घेणाऱ्याला टोचली जाते, फ्लू मात्र प्रत्येकाला दरवर्षी होत नाही आणि लस प्रत्येक फ्लू टाळत नाही. केवळ जीबीएसचाच विचार केला तर सौम्य हंगामात दोन्ही पारडी जवळजवळ समतोल होऊ शकतात. लशीची बाजू निर्विवाद जड होते ती न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका, अतिदक्षता विभागातील दिवस आणि मृत्यू यांचा हिशेब त्यात धरल्यावर, आणि तो न धरता केलेला कोणताही हिशेब अपुरा असतो.

२००९ च्या साथीत युरोपात वापरलेल्या पॅन्डेम्रिक्स या लशीचाही उल्लेख करायला हवा. प्रतिसाद वाढवणारा पूरक पदार्थ असलेल्या या लशीनंतर २०१० मध्ये स्वीडन आणि फिनलंड येथे मुलांत व किशोरवयीनांत नार्कोलेप्सीचे, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या विकाराचे प्रमाण वाढल्याचे लक्षात आले आणि विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांना हा धोका होता हेही पुढे दिसले. ती लस आज वापरात नाही. लशींचे धोके दडवले जातात असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, हा धोका तेथील डॉक्टरांनी आणि सरकारी आरोग्य यंत्रणांनीच शोधून जाहीर केला.

फ्लूच्या लशीची खरी मर्यादा तिच्या दुष्परिणामांत नसून परिणामकारकतेत आहे. विषाणूची पृष्ठभागावरील प्रथिने सतत बदलत असल्याने जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीची रचना सुचवते, आणि हा अंदाज चांगला जुळला तरी डॉक्टरांकडे जावे लागण्याइतका आजार होण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनीच घटते. गोवरासारख्या लशींच्या तुलनेत हे संरक्षण तोकडे आहे, हे आरोग्य कर्मचाऱ्यांनी लोकांना आधीच स्पष्ट सांगितले असते तर ‘लस घेऊनही झालाच’ या निराशेतून पसरणारा अविश्वास पुष्कळ कमी झाला असता. एकदा फ्लू होऊन गेला म्हणजे लशीची गरज संपली, हा समजही याच कारणाने चुकीचा आहे: झालेला आजार एका प्रकारच्या विषाणूविरुद्ध प्रतिकारशक्ती देतो, तर लशीत अ गटाचे दोन आणि ब गटाचा किमान एक असे निरनिराळे प्रकार असतात.

आजारातून उठल्यावर लस केव्हा घ्यावी याचे उत्तर सोपे आहे. ताप असताना किंवा प्रकृती बरीच बिघडलेली असताना ती पुढे ढकलावी, कारण तेव्हा उद्भवलेला त्रास आजाराचा की लशीचा हे ठरवणे कठीण जाते. ताप जाऊन प्रकृती सावरली की नुसत्या रेंगाळलेल्या खोकल्यासाठी थांबण्याची गरज नसते. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात, बहुधा जुलै ते सप्टेंबर या काळात असतो, त्यामुळे पाऊस सुरू होण्यापूर्वीचे आठवडे सर्वांत सोयीचे. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस समाविष्ट नसल्याने निर्णय बहुतेक वेळा कुटुंबावरच येऊन पडतो, आणि म्हणून गर्भवती स्त्रिया, ६५ वर्षांवरील व्यक्ती, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची मुले, तसेच मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले रुग्ण यांच्याविषयी घरात वेळीच बोलणे झाले पाहिजे. पूर्वी फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला असेल किंवा तीव्र ॲलर्जी उद्भवली असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. लस टोचून घेतल्यावर किमान १५ ते ३० मिनिटे दवाखान्यातच थांबावे, आणि पुढील काही आठवड्यांत पायांत मुंग्या किंवा वाढता अशक्तपणा जाणवल्यास, लस घेतलेली असो वा नसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.