अंकीय–सदृश परिवर्तकाचे श्राव्य मापन

अंकांच्या रूपात साठविलेल्या ध्वनीचे सलग बदलणाऱ्या विद्युत् दाबात रूपांतर करणाऱ्या मंडलास अंकीय–सदृश परिवर्तक (डॅक) म्हणतात. मोबाइल फोन, संगणक, दूरचित्रवाणी संच इ. साधनांत तो अंतर्भूत असतो. स्वतंत्र पेटीच्या अथवा तारेच्या टोकाशी बसविलेल्या लहानशा तुकड्याच्या रूपातही तो अल्प किमतीत मिळतो. परिवर्तकास दिलेले अंक आणि त्यांपासून प्रत्यक्ष मिळणारा विद्युत् दाब यांत किती तफावत पडते, हे ठरविणे म्हणजे त्याचे श्राव्य मापन होय. किंमत कमी म्हणजे गुणवत्ता हीन आणि आकडा मोठा म्हणजे आवाज अधिक चांगला, हे दोन्ही समज मापनाने तपासता येतात.

तत्त्व : ध्वनीचे ठराविक कालांतराने नमुने घेऊन प्रत्येक नमुन्याचे मूल्य द्विमान अंकांत (बिटांत) लिहिले जाते. नमुन्यांची दर सेकंदाची संख्या ही ध्वनीतील सर्वोच्च कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या) दुपटीहून अधिक असल्यास मूळ तरंग पुन्हा मिळविता येतो. हा सिद्धांत हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यावर आधारलेला आहे. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ध्वनितबकडीसाठी (सीडीसाठी) सेकंदास ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यास १६ बिट हे प्रमाण ठरले. मूल्य जवळच्या पायरीला आणून बसविल्यामुळे जी त्रुटी राहते, ती गोंगाटासारखी ऐकू येते. बिटांची संख्या न असल्यास पूर्ण पातळीचा ज्यावक्रीय संकेत या गोंगाटाहून (६·०२ न + १·७६) डेसिबेल वर असतो. म्हणून १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादा सु. ९८ डेसिबेल व २४ बिटांची सु. १४६ डेसिबेल येते.

प्रत्यक्षात १४६ डेसिबेलची मर्यादा कोणताही परिवर्तक गाठत नाही. कारण रोधकातील इलेक्ट्रॉनांच्या उष्णीय हालचालीमुळेच गोंगाट निर्माण होतो. २७° से. तापमानास १,००० ओहम रोधकात २० किलोहर्ट्‌झ पट्ट्यातील हा गोंगाट सु. ०·५८ मायक्रोव्होल्ट असतो. परिवर्तकाच्या २ व्होल्ट या रूढ प्रदान पातळीच्या तो सु. १३१ डेसिबेल खाली असतो. वेष्टनावर छापलेले ‘२४ बिट’ हे शब्द परिवर्तक किती बिट स्वीकारतो एवढेच सांगतात; त्यांवरून त्याची अचूकता कळत नाही.

मापनाची मांडणी : संगणकातून ज्ञात स्वराचे अंक परिवर्तकास देतात. त्याचा प्रदान दाब सदृश–अंकीय परिवर्तकाने पुन्हा अंकांत आणतात व जलद फूर्ये रूपांतराने (१९६५ पासून सर्वत्र रूढ झालेल्या गणनपद्धतीने) त्याचा वर्णपट काढतात. चाचणीचा स्वर १,००० हर्ट्‌झऐवजी ९९७ हर्ट्‌झ घेण्याचा प्रघात आहे. सेकंदास ४८,००० नमुने असताना १,००० हर्ट्‌झ स्वरात तीच ४८ मूल्ये पुनःपुन्हा येतात. ९९७ ही मूळ संख्या असल्याने त्या स्वरात मात्र संपूर्ण सेकंदभर नमुन्यांची पुनरावृत्ती होत नाही आणि परिवर्तकाच्या फार अधिक पायऱ्या तपासल्या जातात.

मोजणाऱ्या साधनाचा स्वतःचा दोष आधी पाहणे अगत्याचे असते. तो तपासावयाच्या परिवर्तकाच्या दोषाइतकाच असेल, तर निष्कर्ष ३ डेसिबेलने वाईट येतो. तो १० डेसिबेलने कमी असल्यास चूक सु. ०·४ डेसिबेल एवढीच राहते. साधन पुरेसे चांगले नसेल, तर मूळ स्वर छानणी मंडलाने दाबून उरलेला दोषांश मोठा करून मोजतात.

मोजावयाच्या राशी : (१) गोंगाट व विरूपण : मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट इ. कंप्रतांना उमटणारे हरात्मक स्वर आणि गोंगाट यांची बेरीज मूळ स्वराच्या तुलनेत देतात. ०·००१ टक्का म्हणजे १०० डेसिबेल खाली. (२) गतिक्षेत्र : पूर्ण पातळीच्या ६० डेसिबेल खालचा स्वर चालू ठेवून गोंगाट मोजतात. पूर्ण शांततेत प्रदान बंद करणारे परिवर्तक असल्याने स्वराविना केलेले मापन फसवे ठरते. (३) परस्पर विरूपण : १९ व २० किलोहर्ट्‌झ हे स्वर एकत्र दिल्यास १ किलोहर्ट्‌झला उमटणारा फरकाचा स्वर पाहतात. (४) कालकंप (जिटर) : नमुने बाहेर पडण्याच्या क्षणांतील अनियमितपणा. त्यामुळे स्वराच्या दोन्ही बाजूंना समान अंतरावर उपस्वर दिसतात. (५) प्रदान संरोध : हेडफोनचा संरोध कंप्रतेनुसार १६ ते ६४ ओहम असा बदलत असेल व परिवर्तकाचा संरोध १६ ओहम असेल, तर आवाजाच्या पातळीत सु. ४ डेसिबेलचा चढउतार होतो. १ ओहम असल्यास तो सु. ०·४ डेसिबेल राहतो. पहिल्या चार राशी उत्तम असूनही हा दोष कानास सहज जाणवतो.

वर्णपटाचे आलेख वाचताना एक चूक वारंवार होते. ३२,७६८ बिंदूंच्या रूपांतरात एकूण गोंगाट १६,३८४ अरुंद पट्ट्यांत विभागला जातो. त्यामुळे १६ बिटांचा ९८ डेसिबेल खालचा गोंगाट आलेखात सु. १४० डेसिबेल खाली दिसतो. ही रेषा म्हणजे परिवर्तकाचा एकूण गोंगाट नव्हे.

स्थानिक परिस्थिती : जळगाव–धुळे परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. २७° ऐवजी ४५° से. तापमान धरल्यास रोधकाच्या गोंगाटात जेमतेम पाव डेसिबेल वाढ होते. उष्णतेचा खरा परिणाम टिकाऊपणावर होतो. विद्युत् विच्छेद्य धारित्राचे आयुष्य तापमानाच्या प्रत्येक १०° वाढीला साधारणपणे निम्मे होते व वीजपुरवठ्यातील धारित्र निकामी होऊ लागल्यास गुणगुण वाढते. पुरवठ्याच्या ५० हर्ट्‌झ प्रवाहामुळे वर्णपटात ५०, १००, १५० हर्ट्‌झला रेषा दिसतात. संगणक व विवर्धक निरनिराळ्या ठिकाणी भूसंपर्कित असल्यास त्यांच्यामधील वेटोळ्यातूनही हा दोष शिरतो. संगणक केवळ बॅटरीवर चालवून या रेषा नाहीशा झाल्या, तर दोष परिवर्तकात नसून जोडणीत आहे असे समजावे.

उपयोग : मापनाने साखळीतील कच्चा दुवा कळतो व मर्यादित पैसा कोठे खर्च करावा हे ठरविता येते. खानदेशात हा प्रश्न मौखिक परंपरेच्या जतनाशी निगडित आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी इतरांनी लिहून घेतल्यामुळे टिकली व १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. धुळे येथे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ जुनी कागदपत्रे सांभाळते. लेखनाने शब्द टिकतात. अहिराणी किंवा लेवा बोलीतील ओवीचा हेल व उच्चार मात्र ध्वनिमुद्रणानेच टिकतो. अशी मुद्रणे असलेल्या कॅसेटमध्ये गोंगाट दडपण्याची योजना नसल्यास संकेत गोंगाटाहून सु. ५० ते ५५ डेसिबेल एवढाच वर असतो. आकाशवाणीच्या जळगाव केंद्राचे मध्यम तरंगांवरील प्रसारण या भागात अनेक वर्षे ऐकले गेले. तेथेही ९ किलोहर्ट्‌झ अंतराच्या मार्गिकांमुळे श्राव्य पट्टा सु. ४·५ किलोहर्ट्‌झच्या आसपास सीमित राहतो. स्वस्त परिवर्तकाचे मापन ९५ डेसिबेल आले, तरी कॅसेटच्या मानाने तो ४० डेसिबेल सरस ठरतो. अशा वेळी महाग परिवर्तक घेतल्याने जुन्या आवाजात काहीही भर पडत नाही.

जतनाच्या कामात निर्णायक ठरतो तो कॅसेटवाचनाचा शीर्षभाग, त्याची स्वच्छता व कोन, तसेच फितीवरील संकेताचे अंकांत रूपांतर करणारा सदृश–अंकीय परिवर्तक. ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यासाठी किमान ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट हे प्रमाण सुचविते. या टप्प्यावर गमावलेला अंश पुढे कोणत्याही परिवर्तकाने परत मिळत नाही. याउलट ऐकण्याचा परिवर्तक केव्हाही बदलता येतो.

मर्यादा : शांत खोलीतही सु. ३० डेसिबेल पार्श्वध्वनी असतो व १०० डेसिबेल हा मोठा आवाज मानला जातो. त्यामुळे नेहमीच्या श्रवणात सु. ७० डेसिबेलचाच पल्ला उपयोगी पडतो. यापलीकडे ११० व १२० डेसिबेल यांतील फरक उपकरणास दिसतो. कानास तो बहुधा जाणवत नाही. दोन परिवर्तकांची ऐकून तुलना करताना त्यांच्या पातळ्या ०·१ डेसिबेलपर्यंत जुळविणे आवश्यक असते. अन्यथा किंचित मोठा आवाज चांगला वाटतो. कोणत्याही एका आकड्यावरून निर्णय न घेता गोंगाट, विरूपण, संरोध व जोडणी यांचा एकत्रित विचार करणे इष्ट असते.