नर्सिंगची वही आणि नानीचे पाय

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची भाची वसतिगृहातून घरी आली ती रडवेल्या चेहऱ्याने. जीएनएमचे पहिले वर्ष, आणि दहावीपर्यंतचे सगळे शिक्षण उर्दू माध्यमातले. आपाने फोनवर आधीच सांगून ठेवले होते, “तू तरी समजाव तिला. पुस्तक उघडलं की रडत बसते. कोर्स सोडते म्हणते.” आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारे, नर्सिंगमधले आम्हाला काय कळणार? तरी वही मागून घेतली.

पहिल्याच पानावर शब्दांची रांग होती: टॅकिकार्डिया, ब्रॅडिकार्डिया, टॅकिप्निया, ब्रॅडिप्निया, डिस्प्निया, ऑर्थोप्निया. प्रत्येकाच्या शेजारी उर्दू लिपीत उच्चार लिहिलेला. अर्थ मात्र एकाचाही नाही. पोर तीन महिने नुसते आवाज पाठ करत होती.

आम्ही तिला विचारले, “अरबी शब्दांचा माद्दा आठवतो का? काफ, ते, बे या तीन अक्षरांतून काय काय निघतं?”

“किताब, कातिब, मकतब, मकतूब,” ती पटापट म्हणाली.

“मग हे शब्दही तसेच फोड.” आम्ही कोश घेऊन बसलो. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद. कार्डिया हृदयाशी जोडलेला, प्निया श्वासाशी. डिस म्हणजे त्रास, ऑर्थो म्हणजे सरळ, ताठ. आता ऑर्थोप्निया म्हणजे काय ते तिनेच सांगितले: आडवे झाल्यावर श्वास लागतो, ताठ बसल्यावर बरे वाटते, ती अवस्था. शेवटी आयटिस आले की दाह, हेपॅटो असले की यकृत, नेफ्रो असले की मूत्रपिंड. तास दीड तासात पान संपले.

एका ठिकाणी मात्र आम्ही तिला थांबवले. हायपर म्हणजे जास्त आणि हायपो म्हणजे कमी. ऐकायला दोन्ही सारखेच, पण हायपोग्लायसेमियात साखर द्यावी लागते आणि हायपरग्लायसेमियात ती उतरवावी लागते. उर्दू शिकलेल्या मुलीला हे वेगळे समजवावे लागत नाही. मोठ्या क़ाफने क़ल्ब म्हटले तर हृदय, छोट्या काफने कल्ब म्हटले तर कुत्रा!

शब्दांची भीती गेली, पण खरा विषय पुढेच होता. रोग्याची शारीरिक तपासणी चार रीतींनी करतात. आधी डोळ्यांनी पाहणे, ते इन्स्पेक्शन. मग हाताने चाचपणे, ते पाल्पेशन. मग बोटाने ठोकून आवाज पाहणे, ते पर्कशन. आणि शेवटी स्टेथोस्कोपने ऐकणे, ते ऑस्कल्टेशन. पोटाची तपासणी तेवढी वेगळ्या क्रमाने होते. तिथे पाहून झाले की आधी ऐकायचे आणि मग ठोकायचे-दाबायचे, कारण हात लावला की आतड्यांचे आवाज बदलतात. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, असे भाची म्हणाली.

ठोकून पाहण्याची रीत आपल्या घरात नवी नाही. कुंभाराकडून माठ घेताना अम्मी तो वाजवून घेते, कलिंगडावर टिचकी मारते. व्हिएन्नात डॉक्टरी करणाऱ्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी 1761 साली या पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यांचे वडील खानावळवाले, आणि पिंपात दारू किती उरली हे बाहेरून ठोकून ओळखतात ते त्यांनी लहानपणी पाहिले होते, असे सांगतात. हवा भरलेल्या फुप्फुसावर ठोकले तर पोकळ आवाज येतो, यकृतावर ठोकले तर बद्द. फुप्फुसाभोवती पाणी साचले की तिथलाही पोकळ आवाज बद्द होतो.

स्टेथोस्कोपची गोष्ट आम्ही मुद्दाम दुलाभाईंच्या देखत सांगितली. लेकीला परक्या माणसांना हात लावावा लागतो, ही त्यांची खंत होती. पॅरिसमध्ये 1816 साली रने लाएनेक नावाच्या डॉक्टरांकडे हृदयाची तक्रार असलेली एक तरुण स्त्री आली. तोवर डॉक्टर रोग्याच्या छातीला थेट कान लावत. तरुण स्त्रीच्या बाबतीत ते लाएनेक यांना योग्य वाटेना. त्यांनी कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे आपल्या कानाला लावले. आवाज थेट कान लावण्याहूनही स्वच्छ आला. म्हणजे हे यंत्र जन्मले तेच हयेपोटी! आजही नर्सला पहिला धडा मिळतो तो पडदा ओढण्याचा, परवानगी विचारण्याचा आणि तपासायचा आहे तेवढाच भाग उघडण्याचा. दुलाभाई काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी लेकीच्या स्टेथोस्कोपसाठी पैसे मात्र त्यांनीच काढून दिले.

आता सरावाला माणूस हवा. नानी, म्हणजे आमची अम्मी, आयतीच बसली होती.

भाचीने नानीच्या मनगटावर तीन बोटे ठेवली आणि घड्याळाकडे पाहत राहिली. मिनिट झाले तरी हात सोडला नाही. नानी म्हणाली, “कितनी देर पकडेगी?” नंतर कळले, दुसऱ्या मिनिटात ती नाडी नव्हे, श्वास मोजत होती. श्वास मोजतोय हे रोग्याला कळले की तो बदलतो, म्हणून नाडी धरल्याचे नाटक चालू ठेवायचे असते. मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला 12 ते 20 असावा. नानीचा 26 भरला.

मग तिने नानीची नखे पाहिली. लग्नघराची मेंदी लागलेली, त्यामुळे नखांचा रंग कळेना. तिने ओठ, जीभ आणि खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला, तोही ट्यूबलाइट बंद करून, खिडकीच्या उजेडात. पुस्तकांतली बरीच चित्रे गोऱ्या कातडीची असतात. सावळ्या माणसाचा निळसरपणा किंवा फिकेपणा ओठांत, जिभेवर आणि पापणीआड शोधावा लागतो.

शेवटी तिने नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून धरला आणि उचलला. तिथे खड्डा तसाच राहिला.

“नानी, रात को कितने तकिये लेती?”

“तीन. लेटी तो जी घबराता.”

भाचीने आमच्याकडे पाहिले. ऑर्थोप्निया हा शब्द आदल्या दिवशीच फोडला होता.

लाजेची गोष्ट म्हणजे अम्मीचे पाय सुजतात हे आम्हाला महिन्यापासून ठाऊक होते. वय झाले, दिवसभर बसून असते, असे म्हणून आम्ही सोडून दिले होते. तिसरी उशी तर आम्हीच कपाटातून काढून दिली होती. भाचीने निदान केले नाही, ते तिचे काम नव्हे आणि तसा दावाही तिने केला नाही. तिने एका कागदावर लिहिले: नाडी 104, श्वास 26, दोन्ही नडग्यांवर दाबल्यावर खड्डा, तीन उशा लागतात. खाली नानीचे वाक्य जसेच्या तसे: लेटी तो जी घबराता. रोग्याने सांगितलेले ते लक्षण, आपण मोजलेले-पाहिलेले ते चिन्ह, आणि दोन्ही वेगळे लिहायचे, हे ती कॉलेजात शिकली होती. “तब्येत ठीक नाही” असे लिहिले तर पुढच्या माणसाला काहीच कळत नाही, हेही.

तो कागद घेऊन आम्ही त्याच संध्याकाळी तालुक्याला गेलो. डॉक्टरांनी आधी कागद वाचला आणि मग स्टेथोस्कोप लावला. फुप्फुसाच्या तळाशी क्रॅकल्स होते. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळली की येतो तसा तो बारीक करकर आवाज. हृदय कमी जोराने काम करत होते आणि पाणी अंगात साचत होते. सहा दिवस अम्मी तिथे राहिली. गोळ्या आता कायमच्या आहेत, मीठ कमी केले आहे आणि लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली आहे. त्यावरून घरात रोज भांडण होते.

सुट्टी संपल्यावर भाची परत गेली. कोर्स सोडण्याचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही. आता ती रोज सकाळी फोन करते आणि नानीचे वजन विचारते, कारण अंगात पाणी पुन्हा साचू लागले तर ते पायांवर दिसण्याआधी बऱ्याचदा काट्यावर दिसते. आज काटा 54 वर होता. नानीचे म्हणणे, त्यातला अर्धा किलो तिच्या चष्म्याचा आहे.