बेटावरचा किनारा निवडताना

दरवर्षी मार्च महिना उजाडला, की आमच्या पेढीवर धान्याच्या भावाबरोबर आणखी एका गोष्टीची विचारपूस सुरू होते. विचारणारे बहुधा आपल्याच संघाचे सभासद असतात. मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात, घरोघर सुट्टीचे बेत चाललेले असतात, आणि प्रश्न एकच असतो: अंदमानास जावे, लक्षद्वीपास जावे, की मॉरिशसला? गोवा, कारवार, मालवण हे किनारे आम्हां बेळगावकरांच्या अंगणातलेच होत. परंतु आता बेटांवरच्या किनाऱ्यांची ओढ लागली आहे व ती स्वाभाविक आहे. आम्ही सहकुटुंब ही तिन्ही ठिकाणे पाहिली असल्यामुळे, प्रत्येकास वेगळे सांगण्यापेक्षा स्मरणिकेच्या द्वारे सर्वांस एकदमच सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पोत्यावरील चित्र पाहून कोणीही व्यापारी तांदूळ खरेदी करीत नाही. तो पोत्यात सळई खुपसून मूठभर माल तळहातावर घेतो, दाणा दाताखाली धरून ओल पाहतो आणि मगच भाव बोलतो. तोच व्यापारी सहलीसाठी लाख-दीड लाख रुपये मोजताना मात्र केवळ चित्रावर विसंबतो, याचे आम्हांस नवल वाटते. चित्रात सर्वच किनारे सारखे दिसतात: पांढरी वाळू, निळे पाणी आणि पाण्यावर झुकलेला माड. ते चित्र कोणत्या महिन्यातले, वारा कोणत्या बाजूचा, पाणी किती खोल, हे त्यात कोठेही लिहिलेले नसते. आपल्या कुटुंबात सत्तरीच्या मातोश्री असतात, तसा पाच वर्षांचा नातूही असतो. जो किनारा या दोघांस मानवेल तोच आपला किनारा, हे आमच्या मते निवडीचे पहिले व शेवटचे माप होय.

या मापाने पाहू जाता पहिला प्रश्न महिन्याचा. नैर्ऋत्य मोसमी वारा अंदमानात मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो. केरळच्या किनाऱ्यावर तो साधारण १ जूनला येतो आणि लक्षद्वीपही त्याच सुमारास त्याच्या कक्षेत सापडते. तेथून सप्टेंबर अखेरपर्यंत समुद्र खवळलेला असतो व बोटी केव्हा बंद होतील याचा नेम नसतो. चातुर्मासात आपल्यातील अनेक कुटुंबे लांबचा प्रवास टाळतात. ती रीत या बाबतीत समुद्राच्या स्वभावाशी चांगलीच जुळते. आमच्या परिचयातील एका कुटुंबास एका प्रवासी कंपनीने जुलै महिन्यात अंदमानची सहल अर्ध्या दराने दिली. दोन दिवस बोट सुटली नाही, वृद्ध आजींची रक्तदाबाची औषधे संपली आणि सर्वांच्या जिवाला घोर लागला. दर अर्धा का होता, याचा उलगडा तेव्हा झाला.

आपल्या धंद्यात खरिपाची आवक आटोपेपर्यंत कोणास उसंत नसते. मुलांची सुट्टीही एप्रिल-मे महिन्यांतच पडते. एप्रिलमध्ये व मेच्या पहिल्या पंधरवड्यात अंदमान व लक्षद्वीप दोन्ही चालतील. उकाडा सोसण्याची तयारी मात्र हवी. मेच्या उत्तरार्धात जाणे असेल, तर मॉरिशसचा विचार करावा. ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस आहे. तेथील वादळांचा मुख्य काळ जानेवारी ते मार्च हा होय. मे महिन्यात हवा निवळून सौम्य झालेली असते. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र हवामान खात्याचे इशारे पाहिल्यावाचून निघू नये. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो, आणि २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाने लक्षद्वीपासही तडाखा दिला होता.

दुसरा प्रश्न बांधाचा. बेटाभोवती प्रवाळाचा बांध असेल, तर मोठ्या लाटा त्यावरच फुटतात आणि आतले पाणी तलावासारखे शांत व उथळ राहते. या आतल्या पाण्यास लगून म्हणतात. लक्षद्वीपातील बहुतेक बेटे बांधाच्या पूर्व अंगास वसलेली असून लगून त्यांच्या पश्चिमेस आहे. कदमत बेटावर लहान मुलांस कंबरभर पाण्यात खेळताना पाहून आमच्या घरच्या मंडळींची भीती मोडली. पण त्याच द्वीपसमूहातील आंद्रोत बेट पूर्व-पश्चिम पसरलेले असून त्यास लगून जवळजवळ नाहीच. मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याभोवती असाच बांध आहे. परंतु दक्षिणेकडे ग्री ग्री येथे तो तुटलेला असल्याने तेथील समुद्र पाहावा, त्यात उतरू नये. त्या बेटावर आग्नेयेचे वारे वाहतात, आणि जून ते सप्टेंबर त्यांचा जोर अधिक असतो. म्हणून पूर्वेकडील बेल मार किनारा त्या दिवसांत वाऱ्याचा लागतो, तर पश्चिमेचा फ्लिक आं फ्लाक आडोशाचा. बेट एकच, पण बाजू बदलली, की मालाची जात बदलते.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. बांधावरून आत येणारे पाणी कोठून तरी बाहेर जावेच लागते. ज्या खिंडीतून ते जाते, तेथे लाट फुटत नाही. पाणी गडद व शांत दिसते, आणि नवख्या माणसास तीच जागा सुरक्षित वाटते. वास्तविक तेथील ओढ सर्वांत घातकी असते. उघड्या किनाऱ्यावरही दोन फुटत्या लाटांमधली शांत पट्टी अशीच समजावी. कोणी तीत सापडलाच, तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये, दमछाक होते. हात उंचावून मदत मागावी, तरंगत राहावे आणि पोहता येत असल्यास किनाऱ्यास समांतर बाजूला सरावे. घरातील प्रत्येक मुलास हे निघण्यापूर्वीच शिकवून ठेवावे.

अंदमानातील स्वराज द्वीपाचा राधानगर किनारा (२०१८ पर्यंत या बेटाचे नाव हॅवलॉक होते) २००४ साली टाइम साप्ताहिकाने आशियातील सर्वोत्कृष्ट ठरविला. तो सुंदर आहे यात शंका नाही. पण तो पश्चिमेच्या खुल्या समुद्रास सामोरा आहे. हिवाळ्यात सौम्य, पावसाळ्यात उग्र. २०१० साली त्याच्याच जवळच्या एका खाडीत पोहणाऱ्या परदेशी पाहुणीचा मगरीने बळी घेतला. जीवरक्षकाने नको म्हटलेल्या जागी पाऊल टाकू नये, एवढाच याचा बोध.

तिसरा प्रश्न भरती-ओहोटीचा. येथे आपले पंचांग उपयोगी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. अंदमानातील शहीद द्वीपावर (पूर्वीचे नील) उधाणाच्या ओहोटीस पाणी दूर जाते आणि खालचे प्रवाळ उघडे पडते. स्नानास वावच राहत नाही. म्हणून तिथी पाहावी आणि भरतीची वेळ तेथील नावाड्यास विचारावी. कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढण्याचा जो आडाखा आहे, तो दूरच्या बेटावर लावू नये.

आता अन्नपाण्याविषयी. धान्याचा व्यापारी म्हणून आमची दृष्टी प्रथम तिकडेच जाते. लक्षद्वीपात माड आणि मासळी. धान्याचा प्रत्येक दाणा मुख्य भूमीवरून जहाजाने येतो. गोडे पाणीही वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या पातळ थराएवढेच. म्हणूनच २००५ साली कवरत्ती येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारावा लागला. तेथे पाणी तुपासारखे जपून वापरावे, आणि शाकाहारी स्वयंपाकाची व्यवस्था आधी लेखी ठरवून घ्यावी. अंदमानात तांदूळ पिकतो, शहीद द्वीपावर भाजीपाला होतो. मॉरिशसमध्ये भारतीय वंशाची वस्ती मोठी असल्याने शाकाहाराची अडचण पडत नाही. मराठी समाज तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असून गणेश चतुर्थीस सरकारी सुट्टी असते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की घड्याळ आपलेच असले तरी अंदमान फार पूर्वेस आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात तेथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो.

लक्षद्वीपास जाण्यास भारतीयांसही परवाना लागतो. कोचीहून जहाजास चौदा ते अठरा तास लागतात. स्वराज द्वीपापासून श्री विजय पुरम (२०२४ पर्यंत पोर्ट ब्लेअर) येथील मोठे रुग्णालय बोटीने दीड ते अडीच तासांवर आहे. तेव्हा वृद्धांची औषधे दुपटीने बरोबर घ्यावीत.

शेवटी, जो बांध आपल्या नातवंडांचे रक्षण करतो, त्याचे रक्षण आपणही करावे. प्रवाळ हा जिवंत प्राण्यांचा समूह आहे. त्यावर पाय देऊ नये, त्याचा तुकडा आठवण म्हणून आणू नये. तसे करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाही आहे. समुद्र तापल्याने २०२४ साली लक्षद्वीपातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. बांध खचला, की लगून गेले, आणि हळूहळू किनाराही गेला. अहिंसा हा ज्यांचा परम धर्म, त्यांस याहून अधिक सांगणे न लगे.

सभासद बंधूंनी व भगिनींनी चित्र बाजूस ठेवून महिना, बांध, भरती आणि स्वयंपाकघर या चार गोष्टी विचाराव्यात. समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच सौदा करावा. मग तो किनारा प्रसिद्ध असो वा नसो; मातोश्री निर्धास्तपणे वाळूत बसतील, नातू पाण्यात खेळेल आणि सर्वजण सुखरूप घरी परततील. सहलीचा खरा नफा तोच.