गावठी कट्टा आणि गावकी

बुलढाणा जिल्ह्यातले जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाला लागून. डोंगरापलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी गाव गावठी पिस्तुलांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथला माल इकडे उतरतो आणि पोलिसांच्या छाप्यांत सापडतो.

छापा पडतो तो कट्टा गावात आल्यावर. तो घ्यावासा वाटावा इतकं वैर पिकतं मात्र बांधावर, धुऱ्यावर, भाऊबंदकीत. तिथे उपयोगी पडते तंटामुक्त समिती. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ला राज्यभर सुरू झाली. समिती ग्रामसभेतून ठरते. पोलीस पाटील तिच्यात असतो. धुऱ्याचं भांडण आलं की दोघा भावांना समोरासमोर बसवायचं, मोजणीचा नकाशा पसरायचा, मिटलं तर तडजोड कागदावर घेऊन सह्या-अंगठे घ्यायचे. बऱ्याच ठिकाणी ही समिती आता फलकापुरती उरली आहे, हेही खरंच.

लोकांना समोरासमोर बसवण्याचा हा मार्ग शहरातही उपयोगी पडला आहे. भिवंडीत १९८८मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. १९९२-९३च्या दंगलींत मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

बेकायदा शस्त्राची तडजोड मात्र तंटामुक्त समितीला करता येत नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास किमान दोन वर्षं कैद आहे. वरातीत निष्काळजीपणे हवेत बार काढणंही गुन्हाच. कुणाकडे कट्टा दिसला तर हात लावू नका, मध्यस्थी करू नका. पोलीस पाटलाला सांगा किंवा ११२ लावा.