हॉटेलची खोली आणि लहान मूल

परिषदांच्या निमित्ताने आपणा डॉक्टर मंडळींना हॉटेलांच्या खोल्यांचा अनुभव पुष्कळ. सुविधांचे वैविध्यही मोठे मनोरंजक असते. ब्रिटनमध्ये साध्या हॉटेलातही चहाची किटली मांडलेली असते. अमेरिकेत बहुधा कॉफीचे यंत्र, आणि मजल्यावर कोठेतरी बर्फाचे यंत्र. जपानमध्ये दात घासण्याचा ब्रश, सपाता आणि निजताना नेसावयाचा युकाता. आपल्याकडे बादली व मग यांनी तारांकित हॉटेलांतही आपले स्थान बरेचसे टिकवून ठेवले आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला त्याचा आनंदच आहे, कारण बादलीत पाणी विसावून, हात घालून पाहता येते. नळाचे साठ अंशांचे पाणी थेट अंगावर आले, तर बाळाची नाजूक त्वचा काही क्षणांत भाजते.

सुट्टी लागण्यापूर्वी पालक विचारतात, "डॉक्टरसाहेब, सोबत कोणती औषधे न्यावीत?" ती ठेवणार कोठे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. खोलीत छोटा फ्रिज असतो, म्हणून सारे निर्धास्त. परंतु अनेक हॉटेलांत दाराजवळच्या खाचेतील कार्ड काढले, की खोलीतील वीज बंद होते. तिच्याबरोबर कधी कधी फ्रिजही. कुटुंब सकाळी फिरावयास निघते आणि इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या, ज्या २ ते ८ अंशांत राहावयास हव्यात, त्या दिवसभर उकाड्यात पडतात. पाणी घालून तयार केलेल्या काही प्रतिजैविकांचेही तेच. उलट काही फ्रिज इतके थंड, की मागच्या भिंतीला टेकलेली कुपी गोठते. आणि गोठलेले इन्शुलिन वितळल्यावरही टाकूनच द्यावे लागते. तेव्हा खोली ठरवतानाच विचारावे, 'कार्ड काढल्यावर फ्रिज चालू राहतो का?' स्वागतकक्षातील तरुण क्षणभर गोंधळेल, परंतु औषधे ठेवण्यासाठी हॉटेलच्या स्वयंपाकघरातील फ्रिजही बहुधा मिळू शकतो.

प्रवासात जुलाब लागले, तर एक लिटरचे ओआरएसचे पाकीट पेल्यात अंदाजाने कालवू नये. खोलीतील पाण्याच्या सीलबंद बाटल्या हेच उत्तम माप: अर्ध्या लिटरच्या असल्यास दोन. पाणी उकळावयाचे तर किटलीत आधी उकळून निववावे. पाकीट घातल्यावर उकळू नये. (किटलीत आधीच्या पाहुण्यांनी काय शिजवले असेल, याचा विचार न करता ती प्रथम धुवावी!)

राहता राहिली शय्या. मोठ्यांना सुखावणारी मऊ गादी आणि चार उशा तान्ह्या बाळासाठी धोक्याच्या. पलंग भिंतीला सरकवून बाळाला कडेला निजवण्याची आपली पद्धतही नको. त्या फटीत बाळ अडकू शकते. हॉटेलकडे बाळाचा पाळणा मागावा, तो हलत-डुगडुगत नाही ना हे पाहावे, आणि सपाट, घट्ट गादीवर बाळाला उताणे निजवावे. उशी परत पाठवून द्यावी.